जुनी गाडी नीट करायला किती लागतात? सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी १९७८ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आल्यापासून होटगी रोडला हवा भरायला थांबलो तरी कुणीतरी काचेत वाकून विचारतंच, "किती लागले हो?" त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो, "आमच्या दारातही एक आहे, करावी का?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच बसून लिहिलं. मी मेकॅनिक नाही. टॉवेल-चादरीच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे रुपया गेला की वहीत लिहायची सवय आहे. खालचे आकडे त्या वहीतले आहेत, २०२२ ते २०२४ मधले, एका गाडीचे. तुमचे वेगळे निघतील.

एकूण किती लागले?

३,९९,२५० रुपये. गाडी उघडण्याआधी मी १,६०,००० धरले होते आणि तेव्हा तेही जास्तच वाटत होते.

फोड सांगतो. पत्रा आणि वेल्डिंग ७८,०००. रंग, सामानासकट, ७२,०००. इंजिन ५४,०००. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग ३८,०००. सीट, छत आणि खालचं मॅटिंग ३१,०००. रबर, बीडिंग, पुढची काच, दारांची हँडलं असलं सगळं मिळून २७,०००. बंपर आणि बाकीचं क्रोम २४,०००. पाच टायर-ट्यूब २२,०००. वायरिंग, बॅटरी, डायनॅमो १९,०००. आरटीओचे कागद १२,४००. उरलेले २१,८५० पुण्या-मुंबईच्या खेपा, कुरिअर, टेम्पो आणि चहात गेले. चार लाखांना साडेसातशे कमी पडतात, ते मी बहुतेक लिहायला विसरलो.

विकली तर पैसे निघतील का?

नाही. गाडी बघून आजवर दोघांनी मनापासून भाव केला. त्यातला मोठा आकडा अडीच लाख होता. म्हणजे माझे दीड लाख गेले, आणि गाडीची मूळ किंमत मी अजून धरलेलीच नाही. गाडी वडिलांची होती, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवला आहे.

"जुन्या गाड्यांचे भाव वाढतायत" हे सगळे ऐकून असतात. वाढतात, पण कुठल्या गाड्यांचे ते बघा. महायुद्धाआधीच्या, संस्थानिकांकडच्या, मोजक्याच उरलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. पद्मिनी, अॅम्बॅसिडर कारखान्यातून वर्षानुवर्षं निघत होत्या. तुमची पद्मिनी कितीही चकचकीत केली तरी घेणाऱ्याच्या डोक्यात तिचा एक भाव पक्का बसलेला असतो. तुम्ही क्रोमवर २४,००० घातले म्हणून तो वर २४,००० देत नाही. तुम्ही या खर्चाला गुंतवणूक म्हणत असाल, तर हा पैसा बँकेत ठेवा आणि शेजाऱ्याच्या गाडीतून फिरा.

मग आधी हिशोब मांडायचा कसा?

तीन आकडे लिहा. अशीच तयार, चालती, कागदपत्रं नीट असलेली गाडी आज किती रुपयांना मिळते, हा पहिला. तुमची आहे त्या अवस्थेत किती रुपयांना जाईल, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की दुरुस्तीवर किती घातले तर नुकसान होत नाही ते कळतं. माझ्या बाबतीत तयार गाडी अडीच लाखांची आणि माझी आहे तशी ४०,००० धरली, तर जागा २,१०,००० रुपयांची होती.

तिसरा आकडा मिस्त्रीच्या अंदाजाचा. त्याची दीडपट करा. मिस्त्री खोटं बोलतो म्हणून नाही, त्याला रंगाच्या आतलं दिसत नाही म्हणून. दीडपट केलेला आकडा जागेत बसत असेल तर आनंदच. बसत नसेल तर वरचा फरक हा तुमच्या हौसेचा खर्च. तो द्यायला तयार आहात का, हे गाडी उघडण्याआधी ठरवा. उघडल्यावर ठरवायला तुमच्या हातात काही राहत नाही.

मी हे केलं नव्हतं. १,६०,००० हा आकडा मी पार्क चौकात उभ्या उभ्या, एका ओळखीच्याशी बोलता बोलता ठरवला होता.

गाडी न उघडता आतलं कसं कळणार?

बरंचसं कळतं. फ्रिजच्या दारावरचा चुंबक घ्या, रुमालात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि गाडीभर फिरवा. दारांचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालची लांब पट्टी, जिला मिस्त्री सिल म्हणतात, या जागा चुकवू नका. चुंबक पकडला तर खाली पत्रा आहे. घसरून पडला तर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आहे.

माझ्या गाडीच्या डाव्या सिलवर चुंबक दीड हात सरकला आणि टपकन खाली पडला. परत लावला, परत पडला. पेंटरने तिथे ग्राइंडर धरला तेव्हा वरून मळका पिवळा रंग निघाला, त्याखाली निळा, त्याखाली पांढरा, आणि सगळ्यात खाली कारखान्याचा मूळ क्रीम. चारही रंगांच्या मध्ये लांबीचे थर, बाकरवडी कापल्यासारखे. खालच्या थरापर्यंत पोचल्यावर मिस्त्री हसला. "मालक, पत्रा हाय कुठं ह्यात? सगळी लांबीच उभी हाय." त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला.

मॅट काढून पायाखालचा पत्रा बघा. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा. आमच्या डिकीतून वर्षानुवर्षं ओलसर टॉवेलांचे गठ्ठे गेलेले, तिथे आरपार जमीन दिसत होती. बॅटरीखालचा तवा बघा, आम्लाने खाल्लेला असतो. पुढच्या काचेच्या रबराखाली बोट घालून बघा. मग चारही दारं उघडून हळू सोडा. दार लटकत असेल, बंद करताना वर उचलावं लागत असेल, तर बिजागरी झिजली असेल किंवा सिल बसलं असेल. बिजागरीचं काम स्वस्तात होतं. सिल बसलं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

सगळे पत्र्यालाच का घाबरतात? इंजिन महत्त्वाचं नाही का?

इंजिन खोलता येतं, मोजता येतं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन दोन माणसं सहज बाहेर काढतात. लेथवाला बोअर मोजतो, ओव्हरसाइज पिस्टन घालायचा की स्लीव्ह ठोकायची ते सांगतो, क्रँक ग्राइंडिंगचे, हेड फेसिंगचे दर ठरलेले असतात. खर्च फार चुकत नाही. माझा इंजिनाचा अंदाज ५०,००० होता, झाले ५४,०००.

पत्र्याचा अंदाज होता २५,०००. झाले ७८,०००.

कारण असं की पद्मिनीला आणि अॅम्बॅसिडरला वेगळी चासी नाही. जीपला असते, स्टँडर्ड हेरल्डलाही असते, तिथे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पद्मिनीत बॉडी हाच सांगाडा. सिल, फ्लोअर आणि दारांमधले खांब मिळून गाडीला सरळ धरतात. सिल कुजलं असताना आधार न देता ते कापलं तर गाडी मध्ये वाकते, आणि नवं सिल जोडल्यावर दारं बसत नाहीत. म्हणून आधी आतून लोखंडी अँगलने ती बांधून घ्यायची, मग एक बाजू कापायची, जोडायची, दार लावून बघायचं, मगच दुसरी बाजू. हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका. "चिरा भरून लांबी मारून देतो" म्हणणारा मिस्त्री तुम्हाला २०,००० रुपयांत रंगवलेली गाडी देईल आणि दोन पावसाळ्यांनी रंगाखालून फुगे येतील.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. सोलापूरची हवा कोरडी. जन्मभर इथेच राहिलेली गाडी मुंबईच्या किंवा कोकणातल्या गाडीपेक्षा पत्र्याने बरीच बरी असते. इथे ऊन रबर, डॅशबोर्ड आणि सीट खातं, ते बदलता येतात. त्यामुळे मुंबईतून "स्वस्तात" गाडी आणायच्या आधी दोनदा विचार करा.

इंजिन बारा वर्षं बंद आहे. स्टार्टर मारून बघू का?

नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोन-तीन दिवस राहू द्या, मग हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तर तेल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, मग पुढचं. जाम इंजिनला स्टार्टर मारून रिंगा मोडून घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक रोज आरशात दिसतो.

रेडिएटरही तपासा. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं, आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात. पद्मिनीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे. मे महिन्यात हैदराबाद रोडला ते एकदा तापलं की वाकडं होतं आणि गॅस्केट जातं.

कोणती गाडी नीट करायला स्वस्त पडते?

ज्या गाडीचे भाग मिळतात ती. अॅम्बॅसिडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे भाग अजून निघतात. पद्मिनी २००० सालाच्या आसपास थांबली. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांचा बाजार जिवंत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आता इंजिनाचं सामान मिळतं, पण चांगला बंपर किंवा डॅशबोर्डची पट्टी शोधायला महिने लागतात. १९५०च्या दशकातली "डुक्कर फियाट" किंवा हेरल्ड असेल तर एकेका काचेसाठी माणसं जोडावी लागतात. महिंद्राची जुनी जीप सगळ्यात सोपी. पत्रा सपाट, बहुतेक तुकडे इथलाच फॅब्रिकेटर वाकवून देतो.

जाता जाता एक सांगतो. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली, आणि त्यांचा जन्म १८८२चा, आपल्या सोलापूरचा. मी हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "मग पार्ट इथं मिळायला पायजे होते की!"

सुटे भाग कुठून आणलेत?

ब्रेकचे रबर, क्लच प्लेट, पॉइंट, कंडेन्सर अशा गोष्टी सोलापुरातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अजून मिळतात. मालक वयस्कर असेल तर नक्की. काउंटरवरच्या पोराला विचारू नका, मालक दुपारी जेवून येईपर्यंत थांबा. वरच्या माळ्यावर काय आहे ते त्यालाच माहीत असतं. बाकीचं मुंबईतून. अॅम्बॅसिडरवाल्यांना कोलकात्याचा मल्लिक बाजार.

नमुना हातात घेऊन जा, नुसता फोटो पुरत नाही. मी फोटोवरून मागवलेली दाराची हँडलं नंतरच्या मॉडेलची निघाली, २,२०० रुपये आणि कुरिअर पाण्यात.

काम उक्तं द्यावं की रोजंदारीवर?

इंजिन, सीट, क्रोम, वायरिंग उक्तं द्या, कारण तिथे काम किती हे आधी सांगता येतं. पत्र्याचं काम उक्तं देऊ नका. उक्त्यात मिस्त्रीला लवकर संपवायचं असतं आणि लवकर संपवायचा रस्ता लांबीच्या डब्यातून जातो. पत्र्याला रोजंदारी द्या, रोज संध्याकाळी जाऊन काय झालं ते बघा, आणि प्रायमर मारण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा.

उचल द्यावी लागते, ती नाकारून चालत नाही. पण झालेल्या कामाच्या पुढे उचल जाऊ देऊ नका. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. पहिल्या गॅरेजला मी एकरकमी ६०,००० दिले. गाडी उघडून झाली, दारं, बॉनेट, काचा सगळं बाहेर, आणि मग दुसऱ्या मोठ्या गाड्यांची कामं आली. माझी सात महिने पत्र्याच्या शेडखाली तशीच पडून होती. उघड्या पत्र्यावर पावसाचे शिंतोडे उडून नवा गंज चढला, डाव्या मागच्या काचेचा रेग्युलेटर कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. शेवटी टेम्पोत घालून दुसरीकडे नेली. ६०,००० पैकी ३५,००० रुपयांचं काम झालं होतं, उरलेल्यासाठी भांडायची ताकद नव्हती. ते २५,००० वरच्या बेरजेत पत्र्याच्या रकान्यात आहेत.

सोलापुरात करावी की पुण्याला न्यावी?

पत्रा आणि इंजिन इथेच. मजुरी कमी पडते, आणि रोज संध्याकाळी जाता येतं हे त्याहून मोलाचं. पुण्याला गाडी ठेवली तर २५० किलोमीटरवरून महिन्यातून एकदा बघायला जाणार, आणि त्या दिवशी ती नेमकी पुसून ठेवलेली असणार. क्रोमला मात्र मी पुण्याला गेलो. आधी तांबं, मग निकल, मग क्रोम असे तिन्ही थर नीट देणारा माणूस हवा. नुसता वरचा चमकदार थर वर्षात सुटतो.

किती दिवस लागतात?

मिस्त्री म्हणाला होता चार महिने. लागले बावीस. सोलापुरात "गड्डा झाला की देतो" हे वाक्य कोणत्याही महिन्यात ऐकायला मिळतं. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्डा, येते, त्याआधी पेंटर सुटीवर, यात्रेत सगळेच सुटीवर, यात्रेनंतर लग्नसराई. मी दोन गड्डे पाहिले. वेळेचे पैसे लागत नाहीत असं वाटतं, पण शेडचं भाडं, आणलेल्या बॅटरीची संपत चाललेली वॉरंटी आणि उघड्या पत्र्यावरचा गंज हे सगळं वेळेचंच बिल आहे.

आरटीओचं काय? नोंदणी केव्हाच संपली आहे.

याची चौकशी सगळ्यात आधी करा, गाडी उघडण्याच्याही आधी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मी केलं तेव्हा फी ५,००० होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीला ती १०,००० झाली आहे. मुदत उलटल्यावर मोटारीला महिन्याला ५०० रुपये उशिराचे लागतात. त्यावर पर्यावरण कर. शिवाय २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ती चालती हवी. नेमका आकडा आधीच कार्यालयात विचारून वहीत लिहा.

आरसी पुस्तक वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. भाऊ-बहिणींची संमती आजच घ्या. गाडी गंजलेली असते तोवर सगळे म्हणतात "तूच घे". चार लाख घालून ती चमकायला लागली की आठवणी जाग्या होतात.

इंजिन आणि चासी नंबर पुस्तकाशी जुळवून बघा. मध्येच कुणी दुसरं इंजिन बसवलेलं असतं, गॅस किट टाकलेलं असतं, रंग बदललेला असतो. हे पुस्तकावर नसेल तर तपासणीच्या दिवशी अडकता.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळा नंबर मिळतो म्हणे?

मिळतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षांसाठी. पुढचं नूतनीकरण ५,०००.

पण ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची. आता हिशोब बघा. साध्या नूतनीकरणाला पाच वर्षांना १०,०००, म्हणजे दहा वर्षांना तेवढेच २०,०००, आणि गाडी तुळजापूरला, पंढरपूरला, भाजी आणायलाही नेता येते. माझी गाडी २०२८ साली पन्नाशीची होईल. मी ती साध्या नोंदणीवरच ठेवणार आहे.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते ना?

तो दिल्लीकडचा नियम ऐकून आपल्याकडे पसरलेला समज. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली, नूतनीकरण झालं की चालते.

इन्शुरन्स मिळतो?

थर्ड पार्टी मिळतो आणि तो सक्तीचा आहे. २०२२च्या जूनमध्ये ठरलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी होता, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला त्यात निम्मी सूट. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायला मात्र बऱ्याच ठिकाणी नाक मुरडतात. गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरवून घ्यावी लागते. त्यासाठी बिलं, कामाचे फोटो आणि मूल्यांकनाचा कागद जपून ठेवा. माझी वही तिथे उपयोगी पडली.

नव्या इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खराब होतं का?

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपला जिल्हा उसाचा, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाकडे! इंजिनापेक्षा वाटेतल्या रबराला जास्त त्रास. जुन्या पेट्रोल पाइपचं रबर, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचे वॉशर मऊ पडतात, फुगतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. सगळे पाइप इथेनॉल चालणारे बदलून घ्या, माझे १,८०० रुपयांत झाले. पेट्रोल गळून गाडी पेटण्यापेक्षा हे स्वस्त. गाडी नुसती उभी ठेवू नका, दर रविवारी फिरवा.

अॅम्बॅसिडरवाल्यांना एक वेगळी भानगड. २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. तिच्या जुन्या इंजिनाचं हेड ओतीव लोखंडाचं, त्यात व्हॉल्व्हच्या बैठका शिशाशिवाय झिजतात. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हच्या कडक बैठका बसवून घ्या.

एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील टाकू का?

गाडी तुमची आहे. पण प्रत्येक फेरफाराने तुम्ही दोनदा पैसे देता, एकदा बसवताना आणि एकदा विकताना, कारण जुन्या गाडीचा गिऱ्हाईक मूळ वस्तूच शोधत येतो. मी सीटबेल्ट बसवले आणि हेडलाइटला रिले टाकली, बस्स. हातगियर तसाच ठेवला. जुना रंग पातळ झालेला पण मूळ असेल तर पॉलिश करून ठेवा, ७२,००० वाचतील आणि जाणता माणूस त्यालाच जास्त भाव देईल.

त्यापेक्षा तयार गाडीच घेतली तर?

पैशाच्या हिशोबाने नेहमी तेच बरोबर. दुसऱ्या कुणीतरी माझ्यासारखा दीड लाखाचा तोटा सोसलेला असतो, तो तुम्हाला फुकट मिळतो. चुंबक तेवढा बरोबर न्या, कारण विकण्यासाठी रंगवलेली गाडी आणि ठेवण्यासाठी केलेली गाडी फोटोत सारखीच दिसतात.

वडिलांची गाडी आहे, भंगारात द्यायला मन होत नाही, पण चार लाख नाहीत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. उघडू नका, एवढंच आधी सांगतो. ती "नव्यासारखी" करायची गरज नाही, चालती करा. ब्रेक, पेट्रोलची लाइन, रेडिएटर, बॅटरी, टायर आणि तेल, एवढ्यावर पन्नास-साठ हजारांत बऱ्याच गाड्या सुरक्षितपणे फिरायला लागतात. अट एकच, सिल आणि फ्लोअर शाबूत हवेत. रंग उडालेला असू दे, सीटवर आपली सोलापुरी चादर टाका. पुढे पैसे आले की दरवर्षी एक काम काढा, पण असं काम की ते करून गाडी त्याच महिन्यात परत चालती होईल. यंदा सीट, पुढच्या वर्षी वायरिंग.

तेवढंही जमत नसेल तर छपराखाली ठेवा. ताडपत्री अंगालगत गुंडाळू नका, आत दमट राहतं. चाकांखाली ठोकळे द्या, बॅटरी काढा, उंदरांसाठी वायरिंगवर लक्ष ठेवा.

घरच्यांना कसं पटवलंत?

पटवलं नाही. बायकोने वही वाचली आहे. ती गाडीत मागे बसते.

आमची गाडी अर्धी उघडून पडली आहे. आता काय?

आधी यादी करा, काय आहे आणि काय हरवलं. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी, "उजवं पुढचं दार, वरची बिजागरी" इतकी स्पष्ट. उघड्या पत्र्यावर आजच्या आज रेड ऑक्साइड प्रायमर मारा, पाचशे रुपयांत होतं. मग वरचे तीन आकडे नव्याने मांडा, आणि आत्तापर्यंत घातलेले पैसे त्यात धरू नका. ते गेले. इथून पुढे किती लागणार आणि झाल्यावर गाडी कितीची, एवढंच बघा. उत्तर फारच वाईट आलं तर कागदांसकट विका, अख्खी. सुट्या भागांचा भाव जास्त येतो हे खरं, पण उरलेलं कवच अंगणात तसंच पडून राहतं आणि आरसी पुस्तकावर नाव तुमचंच राहतं.

तुमची गाडी बघायला येऊ का?

या की. रविवारी सकाळी आठच्या आत, ऊन चढलं की मी तिला बाहेर काढत नाही. येताना तुमच्या गाडीचे फोटो आणा: दोन्ही सिल, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, मॅट काढून पायाखालचा पत्रा, बॅटरीखालचा तवा आणि आरसी पुस्तक. समोरून काढलेला, बॉनेटवर हात ठेवलेला फोटो नको.